एक कपाट, दोन किल्ल्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, वाशीम
मा. मुख्याधिकारी, नगर परिषद, मंगरूळपीर
मा. अध्यक्ष व सचिव, मंगरूळपीर तालुक्यातील सार्वजनिक ग्रंथालये

विषय : आपल्या भागातील समलिंगी, तृतीयपंथी व अशा इतर माणसांच्या आठवणी आणि कागद जपण्यासाठी ग्रंथालयात एक कपाट मिळण्याबाबत.

महोदय, महोदया,

आमच्या घरी काळ्या पानांचा एक जुना अल्बम आहे. त्यात माझ्या मामाचा फोटो आहे. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कारंजं आणि कुठेच न जाणारा जिना. पुढे दोन खुर्च्या. एकीवर मामा, दुसरीवर त्याच्याच वयाचा एक तरुण. दोघांचे शर्ट एकाच ताग्यातले. मामाचा हात त्याच्या हातावर. घरात विचारलं की उत्तर ठरलेलं : मामाचा दोस्त. नाव? ते कोणालाच सांगता येत नाही. मामाने लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे कोणी त्याला विचारलंही नाही. फोटोच्या मागे फक्त स्टुडिओचा शिक्का आहे.

तो नुसता दोस्त होता की आणखी कोणी, हे मला माहीत नाही आणि आता कळायचा मार्गही उरलेला नाही. माझी तक्रार त्याबद्दल नाही. ज्या घरात चुलत-मावस मिळून चार पिढ्यांची नावं तोंडपाठ आहेत, त्या घरात मामाच्या शेजारी बसलेल्या एकाच माणसाचं नाव हरवावं, याची मला टोचणी आहे. नावं आपोआप हरवत नाहीत. कोणीतरी ती सांगायची थांबवतं, मग हरवतात.

हे पत्र अशा हरवलेल्या नावांबद्दल आहे. मी स्वतः त्यांच्यापैकी आहे की नाही, हे मी इथे सांगणार नाही. सांगायचं की नाही हे ठरवायचा हक्क माझा आहे, आणि या पत्रातली अर्धी मागणी त्याच हक्काची आहे.

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, तेव्हा न्या. इंदू मल्होत्रा यांनी आपल्या निकालपत्रात लिहिलं की या माणसांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची इतिहासाने माफी मागायला हवी. वाक्य मोठ्या मनाचं आहे. पण मंगरूळपीरला ते लावायचं तर मोठी पंचाईत होते. माफी मागायला इतिहास आधी लिहिलेला लागतो. आपल्याकडे या माणसांच्या नावाचं एक पानसुद्धा नाही. मग माफी मागायची कोणी आणि कोणाची?

सरकारने त्यांची नोंदच ठेवली नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. नोंद ठेवली, पण ती काढून घेण्यासाठी किंवा पकडण्यासाठी. पेशवाईत काही हिजड्यांना गावोगाव भिक्षेचा परंपरागत हक्क होता, कुठे इनाम जमिनीही होत्या. कंपनी सरकारने इनामांची चौकशी लावली, तेव्हा हे हक्क मोडीत निघाले. लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाने 1987 मध्ये जुन्या सरकारी दप्तरांतून हे सगळं मांडलं. म्हणजे हक्क होता याचा पुरावा आपल्याला मिळतो तो हक्क काढून घेतल्याच्या कागदात. पुढे 1871 चा क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट आला. त्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची पोलिसांकडे नोंदवही ठेवायची तरतूद होती. नोंद झालेल्याने बायकी कपड्यांत चारचौघांत नाच-गाणं केलं तरी तो गुन्हा. त्या नोंदवह्या वायव्य प्रांतात भरल्या गेल्या. त्यांत माणसाचं नाव आहे, मालमत्ता आहे. त्याने कोणतं गाणं म्हटलं, ते नाही.

स्वातंत्र्यानंतर भाषा बदलली, रकाना राहिला. 2011 च्या जनगणनेत पहिल्यांदा पुरुष आणि स्त्री यांच्या जोडीला 'इतर' आलं. महाराष्ट्रात या 'इतर' रकान्यात 40,891 माणसं मोजली गेली. चाळीस हजारांत एकाची तरी गोष्ट त्या आकड्यातून कळते का? आकडा लागतो, योजना त्यावरच आखल्या जातात, हे मी नाकारत नाही. पण गाव आकड्यांनी आठवत नाही. गाव माणसं आठवतं : अमक्याच्या बारशाला ढोलकी घेऊन कोण आलं होतं, कोणाचा आवाज दोन गल्ल्या ऐकू जायचा, कोणी कोणाच्या आजारपणात रात्री काढल्या.

तुम्ही म्हणाल, जुने कागद सरकारी अभिलेखागारात असतीलच. शोधायला निघा म्हणजे कळेल. आपला तालुका 1 जुलै 1998 पर्यंत अकोला जिल्ह्यात होता. 1905 च्या आधी वाशीम हा वेगळा जिल्हा होता, इंग्रज त्याला बासीम लिहीत. 1853 पासून वऱ्हाड निजामाचं असूनही कारभार इंग्रजांचा. 1903 मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं, तेव्हा राजधानी नागपूर. 1956 पर्यंत आपण मध्य प्रदेशात, मग द्विभाषिक मुंबई राज्यात, आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात. मंगरूळच्या एका कागदाचा माग काढायचा तर अकोला, अमरावती, नागपूर, हैदराबाद आणि मुंबई अशी वारी करावी लागते. जमिनीच्या वादासाठी लोक ती करतात. नाव हरवलेल्या माणसासाठी कोण करणार?

आणि समजा कोणी केलीच, तरी आपल्याला हवं ते त्या दप्तरांत नसतं. ते असतं घराघरांत, आणि आजच्या घडीला ते रोज थोडं थोडं भंगारात जातं.

तालुक्याच्या गावांतले जुने फोटो स्टुडिओ घ्या. मोबाइल आले आणि एकेक स्टुडिओ झेरॉक्स सेंटर झाला. पन्नास-साठ वर्षांच्या निगेटिव्ह खोक्यांत पडून राहिल्या आणि दुकान आवरताना रद्दीवाल्याकडे गेल्या. त्या निगेटिव्हमध्ये लग्नाची जोडपी होती, तसे दोन-दोन मित्रही होते. यात्रेत काढलेले, हौसेने काढलेले, एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून काढलेले. त्या काळी दोन पुरुषांनी असा फोटो काढण्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. म्हणून प्रत्येक फोटोत प्रेम शोधायला जाऊ नये. पण प्रत्येक फोटोतून ते हाकलूनही लावू नये.

खेळ-तमाशे घ्या. विदर्भातली दंडार आणि खडी गंमत यांत लुगडं नेसून नाचणारा पुरुष असे, त्याला नाच्या म्हणत. रात्री त्याच्यावर पैसे उधळणारं गाव सकाळी त्याला काय म्हणायचं, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. काही नाच्ये घरी जाऊन लेकराबाळांत रमले. काहींना लुगडं उतरवणं जड गेलं असेल. कोणाचं कसं होतं, हे त्यांच्यापैकी जे म्हातारे आज हयात आहेत, तेच सांगू शकतात. कोणी विचारलं तर.

किन्नरांची घरं घ्या. तिथे गुरू आहे, चेला आहे, नातीचेला आहे. घराणं आहे, रीत आहे. बधाईची गाणी आहेत आणि कोणत्या दारी कोणतं म्हणायचं याचं शास्त्र आहे. आपल्याकडे वारसा रक्ताने चालतो, त्यांच्याकडे तो रीत केल्याने चालतो. सातबाऱ्यावर, कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर हे नातं कुठेच बसत नाही. म्हणून गुरू गेली की घरातल्या वस्तूंवर रक्ताचे नातेवाईक हक्क सांगू शकतात आणि वर्षानुवर्षं सेवा केलेल्या चेल्याच्या हाती काही राहत नाही. मग फोटो, वह्या, कॅसेटी कुठे जात असतील, याचा अंदाज आपणच करावा.

बायकांचा कागद तर सगळ्यांत पातळ. दोघी मैत्रिणी मिळून स्टुडिओत जाऊन फोटो काढतील, ही सोय फार थोड्यांना होती. विजय तेंडुलकरांनी 1981 मध्ये बाईवर प्रेम करणाऱ्या मुलीचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक रंगमंचावर आणलं. पुढच्या वर्षी जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'ने महिलाश्रमातल्या दोन बायकांची जवळीक पडद्यावर दाखवली. मुंबईत 1995 मध्ये अशा बायकांनी 'स्त्री संगम' हा गट उभा केला. ही सगळी मुंबई-पुण्याकडची नोंद. आपल्याकडच्या बाईला असं काही वाटलं असेल, तर ते तिने ओवीत घातलं असेल किंवा चुलीत.

शहरात छापील शब्दाचा आधार तरी होता. र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. वाचक त्यांना घरच्यांना विचारता येणार नाहीत असे प्रश्न विचारत आणि ते छापून उत्तर देत. अशाच उत्तरांवरून, ज्यांत समलिंगी आकर्षणाचाही विषय होता, 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांच्या बाजूने वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्व्यांना दंड झाला, पण ते अंक उरले. आज त्या प्रश्नांवरून आपल्याला कळतं की नव्वद वर्षांपूर्वीसुद्धा माणसं हेच विचारत होती. पुढे 1990 मध्ये अशोक राव कवी यांनी मुंबईत 'बॉम्बे दोस्त' काढलं. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट उभारून मराठीत पुस्तकांवर पुस्तकं लिहिली. 'मी हिजडा, मी लक्ष्मी' हे लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचं आत्मकथन मराठीतच आलं. पण आठवणींची पेटी पुण्या-मुंबईत असली की वऱ्हाडातला तरुण समजतो, आपल्यासारखी माणसं तिकडेच होतात, इकडे मी एकटाच निपजलो. मग तो रात्रीच्या एसटीने गाव सोडतो. गावालाही वाटत राहतं की इथे असं काही नव्हतंच.

संग्रह कसा करावा, हे शिकायला आपल्याला लांब जायची गरज नाही. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर आपल्याला माहीत आहे. चक्रधरस्वामी गेल्यानंतर तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा गोळा केल्या, त्या कशा? ज्यांनी पाहिलं, ऐकलं, त्यांच्याकडे स्वतः जाऊन विचारून. राजाचा हुकूम नव्हता, दप्तर नव्हतं. आठवण हाच कागद. पुढे धामधुमीत मूळ प्रत हरवली, तेव्हा शिष्यांनी लीळा पुन्हा आठवून सांगितल्या. त्यांत फरक पडले, तर फरक पुसले नाहीत. अमक्याच्या सांगण्यात असं आहे, तमक्याच्या सांगण्यात तसं, असे पाठभेद जपले. आणि पुढच्या काळात महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवल्या. बाहेरच्याला त्या वाचता येईनात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उलगडेपर्यंत मराठीतला हा सगळा ठेवा जगाला ठाऊक नव्हता, पण सुरक्षित होता.

मला यात तीन गोष्टी दिसतात. ज्याची आठवण, त्याच्या तोंडून घ्या. दोन आठवणी जुळत नसतील, तर दोन्ही ठेवा. आणि कोणी वाचायचं, हे ज्याची पोथी त्याला ठरवू द्या. जगात जे समुदायांचे संग्रह टिकले, ते थोड्याफार फरकाने याच वाटेने गेले. न्यूयॉर्कमधला 'लेस्बियन हर्स्टरी आर्काइव्ह्ज' हा संग्रह 1974 मध्ये सुरू झाला आणि कितीतरी वर्षं एका बाईच्या राहत्या घरातच होता. 1993 मध्ये तो स्वतःच्या इमारतीत गेला. बंगळुरूच्या 'कमरा' संग्रहात कलम 377 च्या लढ्याचे कागद आणि चित्रफिती आहेत. तो आता तिथल्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये आहे. एकाची सुरुवात घरातल्या खोलीत झाली, दुसऱ्याच्या नावातच खोली आहे. आम्ही खोलीही मागत नाही.

आमच्या मागण्या अशा :

1. तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात एक लोखंडी कपाट द्यावं. 1967 च्या कायद्याने चालणारी आपली ग्रंथालयं अ, ब, क, ड या वर्गांत बसण्यासाठी पुस्तकं आणि सभासद मोजतात. या कपाटाने वर्ग बदलणार नाही, पण ग्रंथालय गावाचं होईल.

2. त्या कपाटाला दोन कुलपं असावीत. एक किल्ली ग्रंथपालाकडे, दुसरी ज्यांच्या आठवणी त्यांनी नेमलेल्या माणसाकडे. दोघं असल्याशिवाय कपाट उघडू नये. बँकेच्या लॉकरसाठी आपण हे करतोच.

3. देणाऱ्याने देतानाच सांगावं : ही वस्तू आज कोणीही पाहावी, माझ्या मरणानंतर पाहावी, किंवा इतक्या वर्षांनी पाहावी. दिलेलं परत मागायचा हक्क त्याला कायम असावा. संमतीचा कागद मराठीत असावा, उर्दूतही असावा, आणि वाचता न येणाऱ्याला तो वाचून दाखवावा.

4. कपाटातला कोणताही कागद ओळखपत्राच्या पडताळणीसाठी, चौकशीसाठी किंवा कोणत्याही यादीसाठी वापरला जाणार नाही, असा लेखी ठराव व्हावा. नोंदवह्यांचा जुना अनुभव वर सांगितलाच आहे.

5. महिन्यातून एक दिवस ग्रंथालयाने जुने फोटो आणि कागद स्कॅन करून मूळ प्रत तिथल्या तिथे परत द्यावी. पुष्कळांना मूळ वस्तू सोडवत नाही, आणि ते बरोबर आहे. आवाज मोबाइलवर नोंदवता येतो. मात्र त्याच्या दोन प्रती दोन जागी असाव्यात.

6. नागपूर आणि अकोला इथल्या सरकारी दप्तरांत मंगरूळ तालुक्याचे या विषयाचे जे कागद सापडतील, त्यांची यादी जिल्हाधिकारी कार्यालयाने मागवून या कपाटात ठेवावी.

जपणुकीचं म्हणाल, तर त्यात परदेशी विद्या नाही. वऱ्हाडातल्या घरांनी पोथ्या लाल फडक्यात बांधून, कडुनिंबाचा पाला घालून उन्हाळे काढले. उधई आणि कसर यांना आपण ओळखतो. कपाट भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीपासून वर. फोटो प्लॅस्टिकच्या चिकट पानांतून काढून कागदी पाकिटांत. कॅसेटी पावसाळ्याआधी उतरवून घ्यायच्या. एवढ्याने बरंच काही वाचेल.

आता हरकती. पहिली हरकत ठरलेली : आधी पाणी, रस्ते, मग हे. मान्य. पण कपाटाने पाणी अडत नाही आणि रस्त्याचा निधी कमी होत नाही. शिवाय 2019 च्या तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या कायद्यात, कलम 8 मध्ये, सांस्कृतिक जीवनात सहभागी होण्याच्या त्यांच्या हक्काला चालना देणं ही सरकारची जबाबदारी म्हटली आहे. म्हणजे आम्ही मेहरबानी मागत नाही.

दुसरी हरकत : हे आपल्या संस्कृतीत बसत नाही. आपल्या गावाला कोणी मंगरूळपीर म्हणतं, दादा हयात कलंदरांच्या नावाने. कोणी मंगरूळनाथ म्हणतं, बिरबलनाथ महाराजांच्या नावाने. दोन नावं घेऊन हे गाव कितीतरी पिढ्या नांदलं. ज्याला स्वतःची दोन नावं ठेवता येतात, त्याला मामाच्या दोस्ताचं एक नाव जड होऊ नये.

तिसरी हरकत मात्र खरी आहे आणि ती आतून येते. ज्यांच्यासाठी हे कपाट मागतो आहे, त्यांच्यातलेच अनेक म्हणतील, आम्हाला नको नोंद. नोंद झाली की ओळख पटते, ओळख पटली की भाडेकरू म्हणून घर मिळत नाही, लेकीचं लग्न अडतं, मार बसतो. शेजारच्या यवतमाळला 2017 च्या अखेरीस दोन पुरुषांनी हॉटेलात सोहळा करून एकमेकांना वरलं, तेव्हा बातम्या झाल्या आणि चौकशीच्या गोष्टीही झाल्या. नागपुरात 2016 पासून प्राइड मोर्चा निघतो; पण नागपूरच्या गर्दीत चालणं वेगळं आणि इथल्या बाजारपेठेत आठवडी बाजाराच्या दिवशी चालणं वेगळं. या हरकतीला माझ्याकडे गोड उत्तर नाही. ज्याला नको, त्याचं काही ठेवू नये. विसरलं जाण्याचाही हक्क असतो. पण आज विसरलं जाण्यावाचून दुसरा पर्यायच कोणाकडे नाही. तो पर्याय असावा आणि त्याची किल्ली ज्याच्या त्याच्या हाती असावी, एवढ्यासाठी दोन कुलपं.

आणखी एक खबरदारी आम्हालाही घ्यायची आहे. गेलेल्या माणसांवर आजची नावं चिकटवायची घाई आम्ही करणार नाही. ज्याने स्वतःला आयुष्यभर काहीच म्हटलं नाही, त्याला मेल्यावर समलिंगी म्हणायचा अधिकार मला नाही. मामाच्या फोटोखाली मी लिहीन ते एवढंच : मामा आणि त्याचा दोस्त, नाव शोधतो आहे. कदाचित अकोल्यात, मूर्तिजापुरात किंवा कारंज्यात कोणाच्या घरी तोच फोटो असेल आणि त्या घरात माझ्या मामाचं नाव हरवलं असेल.

साहेब, या पत्राला लगेच होकार द्या असा आग्रह नाही. एक मात्र करा. हे पत्र आवक विभागात घ्या, त्यावर शिक्का मारा, क्रमांक आणि तारीख घाला आणि पोच द्या. आजवर या माणसांची नावं ज्या सरकारी वह्यांत लिहिली गेली, ती कोणी तरी त्यांच्यावर नजर ठेवायची म्हणून. त्यांच्यासाठी मागितलेला एक कागद पहिल्यांदाच वाशीमच्या वहीत चढेल. कपाट मिळेल तेव्हा मिळेल. मिळालं की सगळ्यांत वरच्या खणात आधी ही पोच ठेवू.

आपला,
मंगरूळपीरचा एक रहिवासी